हाडं पोखरणारं हार्मोनच आईला टोचायचं?

पत्र :

डॉक्टर, नमस्कार. मी सहकारनगरला राहते, वय ५१. आई ७६ वर्षांची, माझ्याकडेच असते. आमवातासाठी ती कित्येक वर्षं प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडची गोळी घेते. मागच्या वर्षी तपासण्या केल्या तेव्हा तिचं व्हिटॅमिन डी ९ आलं आणि पीटीएच ११८. डॉक्टर म्हणाले, डी कमी पडल्यामुळे पॅराथायरॉइड हार्मोन, म्हणजेच पीटीएच, वाढलंय आणि ते हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतंय. डीचा कोर्स झाला, पीटीएच नॉर्मलवर आलं, आमचा जीव भांड्यात पडला. मग दिवाळीच्या साफसफाईत आईनं पाण्याची बादली उचलली आणि पाठीत अशी कळ आली की ती तिथंच बसली. एमआरआयमध्ये दोन मणके दबलेले निघाले. आता डॉक्टरांनी रोज टोचायचं टेरिपॅराटाइडचं पेन लिहून दिलंय. बॉक्समधला कागद वाचला, तर ते म्हणे पॅराथायरॉइड हार्मोनचाच तुकडा! ज्यानं आईची हाडं पोखरली तेच तिला रोज टोचायचं? न्यू जर्सीहून भाऊ फोनवर म्हणाला, हे औषध थेट जनुकांवर काम करतं, उंदरांना यानं हाडाचा कॅन्सर झाला होता. आई म्हणते, "तुम्ही दोघं वाद घालू नका, मला नकोच ते." तेव्हापासून पेन फ्रीजमध्ये पडून आहे. मूळ दोष स्टिरॉइडचा असेल तर ती गोळीच बंद केली तर? आणि जनुकांवर परिणाम होणार असेल तर तो माझ्या मुलीपर्यंत पोचेल का?

— एक लेक, सहकारनगर

उत्तर :

ताई, तुम्ही मागच्या वर्षीचा रिपोर्ट आणि यंदाचा कागद शेजारी शेजारी ठेवून वाचलात आणि नेमकी मेख पकडलीत. पीटीएच वाढलं की हाडं झिजतात हे खरं, आणि पीटीएचच्या इंजेक्शननं हाड बांधलं जातं हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे एकदा नीट कळलं की तुमची निम्मी भीती जाईल. आधी माझं मत सांगून टाकते. तुमच्या पत्रावरून तरी हे औषध आईंसाठी विचारपूर्वक निवडलेलं दिसतं, आणि मला जास्त काळजी वाटते ती पेन फ्रीजमध्ये पडून राहण्याची. उतारवयात एक मणका दबला की पुढच्या वर्षभरात साधारण पाचातल्या एका बाईचा आणखी एखादा मणका दबतो. आईंचे दोन दबलेत, आणि तेही नुसत्या बादलीनं.

भाऊ म्हणाले, हे औषध जनुकांवर काम करतं. बरोबर आहे. पण थायरॉइडची गोळीही जनुकांवरच काम करते, आईंची प्रेडनिसोलोनही, उन्हातून मिळणारं डी सुद्धा. कोणतंही हार्मोन जनुकाची अक्षरं बदलत नाही. कोणतं जनुक आत्ता वाचायचं, किती वाचायचं आणि कोणतं मिटून ठेवायचं, एवढंच ते ठरवतं. माणसाच्या जवळपास प्रत्येक पेशीत तीच वीसेक हजार जनुकं असतात. मेंदूची पेशी आणि हाडाची पेशी वेगळी होते ती त्यातली कोणती वाचली जातात यावर.

हाड बांधणाऱ्या पेशीला ऑस्टिओब्लास्ट म्हणतात. ती अस्थिमज्जेतल्या अशा मूळ पेशींपासून तयार होते ज्यांची चरबीची पेशीही होऊ शकली असती. ती हाडाच्या वाटेनं वळते ते रन्क्स-२ नावाच्या प्रथिनामुळे. हे प्रथिन डीएनएवर बसून हाडाची जनुकं वाचायला लावतं. १९९७ साली हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांची पिल्लं जन्माला आली तेव्हा त्यांच्या सांगाड्यात नुसती कूर्चा होती, हाड बनलंच नव्हतं. रन्क्स-२ कामाला लागलं की पेशी कोलॅजेन बनवते, अल्कलाइन फॉस्फटेज बनवते, ऑस्टिओकॅल्सिन बनवते. आधी कोलॅजेनच्या तंतूंची जाळी विणली जाते आणि मग तिच्यात कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक बसतात. म्हणूनच "कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत ना, मग हाडं का ठिसूळ झाली?" असं कोणी विचारलं की मला सांगावं लागतं, कॅल्शियम बसायला जाळी हवी, आणि जाळी विणणारी पेशी कामावर हवी.

आता तुमचं कोडं. हाड पोखरणारी पेशी वेगळी असते, तिचं नाव ऑस्टिओक्लास्ट. आणि पीटीएच या पोखरणाऱ्या पेशीशी थेट बोलतच नाही. त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला धरून निरोप आत पोचवणारं प्रथिन, असतो तो बांधणाऱ्या पेशीवर आणि हाडात गाडल्या गेलेल्या तिच्याच बहिणींवर, म्हणजे ऑस्टिओसाइटवर. पोखरण्याचा हुकूम निघतो तोही त्यांच्यामार्फत. या पेशी रँक-एल नावाचं प्रथिन बनवतात. ते मिळालं की पोखरणाऱ्या पेशी तयार होतात आणि कामाला लागतात. त्याच कुळातल्या पेशी ओपीजी नावाचं दुसरं प्रथिन सोडतात. ते रँक-एलला धरून निकामी करतं. हाड वाढणार की झिजणार हे बरंचसं या दोन जनुकांच्या वाचनातल्या तफावतीवर ठरतं. म्हणजे एकाच पेशीकुळाच्या हातात बांधकामही आहे आणि पाडकामाची परवानगीही.

मागच्या वर्षी आईंचं पीटीएच ११८ होतं ते कुठल्या एका क्षणापुरतं नव्हतं. ते रात्रंदिवस चढलेलं होतं. असं सतत चढलेलं पीटीएच रँक-एलचं जनुक उघडंच ठेवतं आणि ओपीजीचं दाबून टाकतं. पोखरणाऱ्या पेशी तयार व्हायला काही दिवस लागतात आणि तेवढे दिवस रँक-एल मिळत राहिलं तरच त्या तयार होतात. आईंच्या हाडांत ते मिळत राहिलं.

इंजेक्शन दिल्यावर काय होतं ते घड्याळ लावून बघा. सकाळी आठला पोटावर २० मायक्रोग्रॅम टोचलं. साडेआठच्या सुमारास रक्तात ते सर्वांत जास्त असतं. अकरापर्यंत बहुतेक नाहीसं झालेलं असतं. त्या अवधीत पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला ते चिकटतं, आत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू वाढतो, त्यामुळे एक विकर जागं होतं, ते केंद्रकात जाऊन क्रेब नावाच्या प्रथिनाला चालू करतं, आणि काही मिनिटांत जनुकं वाचली जायला लागतात. पीटीएच स्वतः केंद्रकात शिरतही नाही, बाहेरूनच एवढं घडवून आणतं. रन्क्स-२ ला जोर येतो. म्हातारी झालेली ऑस्टिओब्लास्ट एरवी मेली असती, ती टिकते. हाडाच्या पृष्ठभागावर निजल्यासारख्या पडलेल्या पेशी पुन्हा बांधकामाला उठतात. गाडलेल्या ऑस्टिओसाइट एरवी स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडून बांधकामाला लगाम घालत असतात. त्या जनुकाचं वाचन कमी होतं. रँक-एलचं जनुकही उघडतं, ते लपवण्यात अर्थ नाही, पण पोखरणाऱ्या पेशींची फौज उभी राहण्याआधीच ते पुन्हा मिटतं. उरलेले वीसेक तास पेशीला आपलं काम करायला मोकळे मिळतात.

सदाशिव पेठेतल्या दारांवर बेल एकदाच वाजवून वाट बघायला सांगणारी पाटी असते, तिच्यामागचा विचार अगदी हाच आहे. एकदा वाजली तर आतला माणूस उठून दार उघडतो. कोणी बटणावरून बोटच काढलं नाही तर घरातली सगळी कामं विस्कटतात.

हे काही काल-परवाचं ज्ञान नाही. पॅराथायरॉइडचा अर्क रोज टोचल्यावर उंदरांच्या हाडात भर पडते, असं १९२९ साली बाउअर, ऑब आणि ऑलब्राइट यांनी नोंदवून ठेवलं. १९३२ मध्ये हान्स सेल्ये यांनी अशा अर्कानं ऑस्टिओब्लास्ट वाढतात हे दाखवलं. मग कित्येक वर्षं त्याकडे फारसं कोणी वळून पाहिलं नाही, कारण पीटीएच म्हणजे हाड खाणारं हार्मोन हेच डोक्यात पक्कं बसलं होतं, जसं ते तुमच्याही बसलं. २००१ साली १६३७ स्त्रियांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. या सगळ्यांचे मणके आधी दबलेले होते. नुसतं कॅल्शियम आणि डी घेणाऱ्यांपैकी १४ टक्के जणींचा नवा मणका दबला, २० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शनही घेणाऱ्यांपैकी ५ टक्के जणींचा. २००२ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. आईंना लागू पडणारा अभ्यास २००७ चा आहे. त्यातले रुग्ण तुमच्या आईंसारखेच बराच काळ स्टिरॉइड घेणारे होते. अठरा महिन्यांत टेरिपॅराटाइड घेणाऱ्यांची कमरेच्या मणक्यांची घनता ७.२ टक्क्यांनी वाढली, ठिसूळ हाडांसाठीच्या नेहमीच्या अ‍ॅलेन्ड्रोनेटवर ३.४ टक्क्यांनी, नवे मणके दबले ते ०.६ टक्के विरुद्ध ६.१ टक्के. तुमच्या डॉक्टरांच्या मनात हेच असणार.

आता उंदरांच्या कॅन्सरबद्दल. भाऊ म्हणतात ते घडलं होतं. लहान वयापासून जवळजवळ आयुष्यभर, माणसापेक्षा कितीतरी मोठ्या मात्रेत औषध दिलेल्या उंदरांना ऑस्टिओसार्कोमा झाला. त्यांची हाडं आपल्यासारखी ठरावीक वयात वाढायची थांबत नाहीत. तरी सावधगिरी म्हणून औषधावर ठळक इशारा छापला गेला आणि माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. माणसांत तसं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी तो इशारा काढला. भावांना हे कळवा. ते काळजीपोटीच बोलले, पण त्यांच्या हाती लागलेली माहिती जुनी होती.

स्टिरॉइड मात्र मनानं बंद करू नका. हे मी हात जोडून सांगते. वर्षानुवर्षं गोळी घेतल्यावर शरीराची कॉर्टिसॉल हे स्वतःचं स्टिरॉइड बनवायची सवय मंदावलेली असते. गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. स्टिरॉइडचा हाडांवरचा दोष खराच आहे. प्रेडनिसोलोन पेशीच्या आत शिरतं, आपल्या रिसेप्टरसकट केंद्रकात जातं आणि ऑस्टिओकॅल्सिन, कोलॅजेन यांच्या जनुकांचं वाचन खाली आणतं. रक्तातलं ऑस्टिओकॅल्सिन गोळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत उतरतं. मूळ पेशी हाडाऐवजी चरबीच्या वाटेनं वळायला लागतात, बांधणाऱ्या पेशी लवकर मरतात, रँक-एल वाढतं, ओपीजी घटतं. पण आमवात मोकाट सुटला तर त्यातली सूजही हाडं पोखरते, आणि तीही बऱ्याच अंशी रँक-एल वाढवूनच. म्हणून डोस कमी करता येईल का, दुसरं औषध जोडून स्टिरॉइड हळूहळू उतरवता येईल का, हे आमवाताच्या डॉक्टरांना जरूर विचारा, पण ठरवू द्या त्यांनाच. आणि एक लक्षात घ्या : स्टिरॉइड मुख्यतः बांधणाऱ्या पेशीलाच मारतं, आणि टेरिपॅराटाइड नेमकं तिलाच जगवतं. मला ही निवड योग्य वाटते ती यासाठी.

डीची पातळी पुन्हा घसरू देऊ नका, नाहीतर आईंचं स्वतःचं पीटीएच परत दिवसभर चढून बसेल आणि सकाळच्या इंजेक्शनचा उपयोग मातीत जाईल. त्वचेत तयार झालेलं डी आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात जाऊन कामाचं होतं. ते आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला लावतं आणि ऑस्टिओब्लास्टच्या केंद्रकात ऑस्टिओकॅल्सिनचं जनुकही वाचायला लावतं. पुण्यात उन्हाला तोटा नाही, पण फ्लॅटमध्ये बसलेल्या वयस्कर बाईपर्यंत ते पोचत नाही आणि स्कूटरवर डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळणाऱ्या तुमच्या मुलीपर्यंतही पोचत नाही. आईंना डॉक्टरांनी सांगितलेली डीची मात्रा सुरूच ठेवा. कॅल्शियम प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम तरी हवं, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. १०० ग्रॅम नाचणीत ते ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. तेव्हा दूध, दही, नाचणीची भाकरी किंवा आंबील, तिळाची चटणी हे सगळं मोजून मग गोळी किती लागेल ते विचारा.

तुम्ही स्वतः ५१ च्या आहात. इस्ट्रोजेन ऑस्टिओब्लास्टशी थेट बोलतं हे १९८८ मध्ये कळलं. ते ओपीजीच्या बाजूनं असतं, आणि पाळी गेली की ती बाजू लंगडी पडते. पहिल्या काही वर्षांत झीज सर्वांत वेगानं होते. तुमची पाळी गेली असेल किंवा जायला आली असेल तर तुमच्या डॉक्टरांशी डेक्साबद्दल, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीबद्दल, आत्ताच बोला, आणि तळजाईची टेकडी घराजवळ आहे तर रोज चढा. वजन पेलणाऱ्या व्यायामानं ऑस्टिओसाइटमधलं स्क्लेरोस्टिन कमी होतं. भावांनीही निर्धास्त राहू नये. १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्यात इस्ट्रोजेनचा रिसेप्टर जन्मतःच निकामी होता. उंची २०४ सेंटिमीटर, हाडांची टोकं अजून जुळलेली नाहीत, आणि हाडं ठिसूळ. पुरुषाच्या हाडालाही इस्ट्रोजेन लागतं, हे तेव्हा निर्विवाद झालं.

मुलीबद्दल निश्चिंत राहा. आईंच्या हाडांच्या पेशीत कोणतं जनुक किती वाचलं जातंय याचा नातीच्या जनुकांशी काही संबंध नाही. हाडांची ठेवण काही अंशी घराण्यातून येते हे खरं, पण ती जन्माच्या वेळी येते, आजीच्या इंजेक्शनमधून नव्हे. तिची हाडं तिशीपर्यंत भरत असतात, तेव्हा तिला मैदानावर पाठवा.

आता पेनबद्दल. सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करून हे विचारा : रक्तातलं कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज आणि पीटीएच अलीकडे तपासलंय का आणि ते ठीक आहे का? आईंना पूर्वी कधी कॅन्सर झाला असेल, रेडिएशन घेतलं असेल, मुतखडा झाला असेल किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर ते आधी सांगा. यातल्या काही गोष्टी असतील तर हे औषध देत नाहीत. फ्रीजमध्ये न उघडलेलं पेन तारीख उलटेपर्यंत चांगलं असतं, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलं असेल तर टाकून द्या. पहिलं इंजेक्शन दिलं की त्या दिवसाची तारीख बॉक्सवर लिहा. अठ्ठावीस दिवसांनी उरलंसुरलं औषध वापरायचं नाही. पोट किंवा मांडी, रोज जागा बदलून, शक्यतो रोज एकाच वेळी. सुरुवातीच्या दिवसांत टोचल्यावर उठताना चक्कर येऊ शकते. आईंना पलंगावर बसवूनच द्या आणि थोडा वेळ तिथंच बसू द्या, पडल्या तर सगळंच मुसळ केरात. मळमळ, बद्धकोष्ठता, गळून गेल्यासारखं वाटणं असं टिकून राहिलं तर कॅल्शियम तपासून घ्या. बादली, सिलिंडर, पलंगाखाली वाकून झाडणं हे आईंना आता पूर्ण बंद.

काही आठवड्यांनी डॉक्टर पी१एनपी नावाची रक्ततपासणी सांगतील कदाचित. कोलॅजेन बनताना त्याच्या टोकाचा जो तुकडा कापला जातो तो यात मोजतात. तो वाढलेला दिसला तर समजा, आईंच्या ऑस्टिओब्लास्ट कोलॅजेनचं जनुक पुन्हा वाचू लागल्या आहेत. डेक्सात फरक दिसायला वर्ष जातं. हा आकडा महिना-तीन महिन्यांत बोलतो, आणि घरातल्या सगळ्यांचा धीर टिकवायला फार उपयोगी पडतो.

आईंशी एकदा तुम्ही एकट्यानं बोला, भाऊ फोनवर नसताना. त्यांचा नकार औषधाला आहे की तुमच्या वादाला, ते विचारा. वर दिलेला आठ ते अकराचा हिशोब त्यांना सांगा. ७६ वर्षांच्या बाईला तो नक्की कळतो, आणि कळल्यावर त्या जे ठरवतील ते त्यांचं स्वतःचं असेल.

हा कोर्स साधारण दोन वर्षांपर्यंतचा असतो, आणि तो संपल्यावर नुसतं थांबायचं नसतं. इंजेक्शन बंद झालं की कमावलेलं हाड काही महिन्यांत घसरायला लागतं, म्हणून लगेच पोखरणाऱ्या पेशींना आवरणारं दुसरं औषध सुरू करतात. ते कोणतं असेल आणि कधी, हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घ्या.